राईतलं राईतच

आमच्या गावच्या राईतून आजवर काडीसुद्धा बाहेर गेलेली नाही. देवाचं रान पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं राखणारं गाव म्हणून आसपास आमचं नाव आहे, आणि ते सांगताना आमच्याकडची मोठी माणसं आधी घसा साफ करत, टोपी सारखी करत आणि मगच बोलत. शेळ्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी रिकाम्या पोटी राईत शिरत आणि दुपारी रवंथ करत बाहेर येत. मधमाश्या त्यांच्या परीनं नेत, वानरं गालांत भरून नेत, आणि फाल्गुनातला वारा कुणाला न विचारता पाट्याच्या पाट्या पाला उडवून नेई. पण माणसाच्या हातून म्हणून काही गेलं नाही, अशी थोडी दुरुस्ती केली तर ते वाक्य खरं मानायला हरकत नव्हती. निदान आक्काला बघायला निपाणीहून पाहुणे येईपर्यंत तरी.

बेळगुंदी ओलांडून पश्चिमेला निघालं की भाताची खाचरं संपता संपता भर दुपारी अंधार लागतो. तीच राई. अंजनी, जांभूळ, हिरडा अशी झाडं, की ज्यांचं वय विचारलं तर म्हातारी माणसंसुद्धा ‘आमच्या आज्जाच्या वक्ताला एवढीच हुती’ म्हणून मोकळी होत. त्यांच्यावर मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, मध्ये रवळनाथाचा पाषाण आणि त्याच्याजवळ दगडी टाकं. श्रावणात त्या अंधारात फुलं यायची. रानहळदीचे गुलाबी तुरे, भुईआमरीची पांढरी फुलं, राईच्या कडेनं भडकलेली कळलावी, ओलीला तेरडा. सापकांदा तर फणा काढूनच उभा असायचा. त्याला फूल म्हणायला लहानपणी माझा विरोध होता. आणि उगवतीच्या बाजूला, जिथं झाडं जरा विरळ होतात तिथं, मुसळी. गवतासारखी पाती, मधून एक काडी आणि तिच्यावर पांढरी, सहा पाकळ्यांची, अगदी सोज्वळ दिसणारी फुलं. तिच्या मुळ्या कशासाठी खातात ते गावातल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होतं, आणि प्रत्येक बाईला ते माहीत नसल्यासारखं वागावं लागे. आम्हा मुलींना ‘ताकदीला’ एवढंच उत्तर मिळे. कसल्या ताकदीला, असं विचारलं की आई चुलीत फुंकर घालायला लागायची.

हल्ली राईच्या तोंडाशी सिमेंटची कमान झाली आहे. वर नाव आधी मराठीत की कन्नडात यावर एकमत होईना, म्हणून ती बरीच वर्षं कोरीच उभी होती. आता कॉलेजची मुलं येतात, गुडघ्यांवर बसून फुलांचे फोटो काढतात. फोटो बाहेर न्यायला चालतात का, हा विषय कमिटीपुढं आहे.

माझ्या लहानपणी कमिटी म्हणजे अण्णा. अण्णा आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ आणि राईच्या कमिटीचे अध्यक्ष. कमिटीत दुसरं कोण होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. आप्पा सकाळी शेत बघून बेळगावला फाउंड्रीत कामाला जायचे. संध्याकाळी त्यांच्या सायकलच्या सैल मडगार्डाचा खडखडाट वेशीपासून ऐकू यायचा, आणि तो ऐकला की आई चुलीवर तवा ठेवायची. सायकल भिंतीला टेकेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. अण्णांच्या येण्याचा आवाज वेगळा होता. ते अंगणातून खाकरत यायचे, म्हणजे घरातल्यांना जे काही चाललं असेल ते थांबवायला वेळ मिळे. या दोन भावांमध्ये राईवरून जो वाद होता तो दर फाल्गुनात उगवायचा, कारण राईला लागून आमचं शेत होतं आणि वाऱ्यानं उडालेला पाला आमच्या शेतात पडायचा. तो गोळा करून परत राईत नेऊन टाकायचा, असा अण्णांचा हुकूम.

“अण्णा, देव काय पानं मोजत बसलाय व्हय?” आप्पा विचारायचे.

“मोजत न्हाय. पर त्याला ठावं असतंय.”

“मग वाऱ्यानं नेलंय हेबी त्याला ठावं असंल की. आमच्या पोरींनी कशाला डोक्यावर पाट्या घ्यायच्या?”

“वाऱ्याला सांगता येत न्हाय,” अण्णा म्हणायचे. “पोरींस्नी सांगता येतंय.”

यावर आप्पा सायकल काढायचे. मग मी आणि आक्का पाट्या घेऊन निघायचो. आक्काचं नाव कमल, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. पाला टाकायचं काम अर्ध्या तासाचं होतं, पण आक्का त्याला अख्खी सकाळ लावायची. कुठल्या झाडाखाली काय उगवतं, कशाला कधी फूल येतं, सगळं तिला पाठ. घरी आलं की आई आंबिलीचा तांब्या पुढं करून विचारायची, “राई पेरून आलाव काय गं?”

आता झाडणीबद्दल सांगायला हवं. राईत चपला घालून जायचं नाही, हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे निघतानाचा रिवाज होता. बाहेर पडायच्या वाटेवर कमरेएवढा एक दगड आहे, झाडणीचा दगड. तिथं थांबून पुरुषांनी टोपी आणि कपडे झटकायचे, बायकांनी पदर झटकायचा, मुलांना उलटं धरून हलवायचं. पोरींनी आत डोक्यात फुलं माळली तर चालायची, पण निघताना ती दगडावर काढून ठेवायची. पायाला जळू लागली असेल तर तीही सोडवून आत टाकायची, कारण जळूसुद्धा देवाची. आणि कुणाकडं काही निघालंच, तर त्यानं ते स्वतःच्या हातानं परत जागेवर ठेवायचं, नारळ द्यायचा आणि कशासाठी घेतलं होतं ते देवाला मोठ्यानं सांगायचं. देवाला मोठ्यानं का, हे मला तेव्हा कळलं नाही. गावालाही ऐकू जावं, अशी त्यात सोय होती. हे पाळलं नाही तर भातावर करपा पडतो, असं मानत. करपा दर दोन-तीन वर्षांनी पडेच, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी नेलं असणार असं ठरे. एकदा मास्तरांच्या पोरानं राईत जांभळाची बी गिळली. अण्णांनी बराच विचार करून पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी राईत पाठवायला सांगितलं. मग देवाच्या जागेत तसलं चालत नाही हे कुणीतरी लक्षात आणून दिलं आणि ते प्रकरण तिथंच मिटलं.

तर आक्काचं स्थळ. आक्का मॅट्रिक झालेली, कामाला वाघीण, पण उंच. उंचीपायी दोन-तीन ठिकाणचं बोलणं फिसकटलेलं. त्या वर्षी भर श्रावणात निपाणीहून निरोप आला. श्रावणात कुणी मुलगी बघायला येतं का, असं आई म्हणाली, पण तंबाखूची लावण सुरू झाली की आम्हाला मरायलाही सवड नसते, असं पाहुण्यांचं म्हणणं होतं. मोटार करून तिघे आले. मुलाचे वडील तात्यासाहेब, तंबाखूचे व्यापारी. अंगात फिकट रंगाचा इस्त्रीचा कोट, हातात लोखंडी टोकाची छडी. मुलाची आई, तिचं लग्न लहानपणीच झालं असावं, कारण ती मुलाची थोरली बहीण शोभली असती. आणि मुलगा मोहन, हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. तंबाखू सोडून पोरगं रंग कालवतंय, याचं दुःख तात्यासाहेबांनी पोहे यायच्या आधीच आम्हाला सांगून टाकलं.

आईनं श्रावणाला धरून कांदा न घातलेले पोहे केले होते, वर ओलं खोबरं, आणि आप्पांनी बेळगावातून कुंदा आणला होता. तात्यासाहेब कुंदा खात म्हणाले, “आमच्या निपाणीला ह्याच्यापरास घट्ट मिळतोय.” मग आक्काकडं बघून, “पोरगी उंच दिसत्या.”

“बसली की दिसत न्हाय,” आई घाईनं म्हणाली.

मोहननं कुंद्याबद्दल किंवा उंचीबद्दल काही म्हटलं नाही. खिडकीत तांब्यात ठेवलेली फुलं दाखवून त्यानं आक्कालाच विचारलं, “हा तेरडा न्हवं?”

“व्हय. पर ह्यो बांधावरचा,” आक्का म्हणाली. “राईतला ह्याच्यापरास गडद असतोय.”

“बघाय मिळंल?”

आक्का रिकामी ताटली घेऊन आत आली आणि मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, “शोभे, आईला सांग. हे मोडलं तर मी काय हिरीत उडी घ्यायची न्हाय. पर परत कुणाम्होरं पोह्याची ताटली घिऊन जायची न्हाय म्हंजे न्हाय.” आक्का एकदा नाही म्हणाली की ते नाहीच राहायचं. मी आईला सांगितलं. आईनं आप्पांना सांगितलं. अण्णांना सांगायचं राहून गेलं.

अण्णा बाहेर राईची थोरवी सांगण्यात गुंतले होते. देवाचं दर्शन घेतल्याशिवाय पाहुण्यांना सोडायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्ही सगळे राईकडं निघालो. पुढं अण्णा आणि तात्यासाहेब, मागं बाकीचे. अण्णा म्हणायचे, असली अंजनी सगळ्या मुलखात नाही. तात्यासाहेब म्हणायचे, आमच्या निपाणीला ह्याच्या दुप्पट वड हाय. अण्णा म्हणायचे, इथं कुऱ्हाड लागलेली नाही. तात्यासाहेब म्हणायचे, आमच्या निपाणीला कुऱ्हाडच लागत न्हाय, झाडं आपोआप पडत्यात. उगवतीच्या बाजूला आलो, मुसळीची पांढरी फुलं दिसली आणि तात्यासाहेब बोलायचे थांबले. घरातून निघाल्यापासून अखंड बोलणारा माणूस एकाएकी गप्प झाला, तेव्हाच आम्ही ओळखायला हवं होतं.

“तुमी व्हा म्होरं,” ते म्हणाले. “माझ्या चपलात खडा गेलाय.”

आम्ही पुढं झालो. सगळेच अनवाणी होतो, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

देवापाशी गुरवानं अंगारा लावला. आमच्या गुरवाला समोर दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायची सवय होती. नारळ दिसला की ‘नारळ’ म्हणायचा, पाहुणा दिसला की ‘पावणं’. आक्का आणि मोहन टाक्याच्या पलीकडं सापकांदा बघत उभे होते आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

“ह्यो रागावलाय काय?” मोहननं विचारलं.

“न्हाय, जल्मापासनं असाच हाय,” आक्का म्हणाली. “आमच्या अण्णांवाणी.”

मोहन हसला. आक्का हसली. मी मनातल्या मनात लग्न लावून टाकलं. तेवढ्यात तात्यासाहेब आले, छडीच्या टोकाला चिखल, आणि दर्शन उरकून ‘चला, उशीर हुतोय’ म्हणाले.

झाडणीच्या दगडापाशी अण्णांनी आधी स्वतःची टोपी झटकली, पाहुण्यांना रिवाज समजावा म्हणून जरा जास्तच. आप्पांनी झटकलं, आईनं झटकलं. मोहननं सदरा इतका मनापासून झटकला की एक गुंडी उडाली. त्याच्या आईच्या घोट्याला जळू निघाली, ती अण्णांनी पानावर घेऊन आदरानं आत पोचवली. उरले तात्यासाहेब. ते जरा बाजूला, कोटाच्या खिशावर हात ठेवून उभे होते. हाताखालून गवतासारखी चार पाती आणि पांढऱ्या फुलांची एक काडी बाहेर आली होती, आणि खिशाच्या तळाशी ओल्या मातीचा डाग हळूहळू मोठा होत होता. तो सगळ्यांना दिसत होता, म्हणून सगळे दुसरीकडं बघत होते.

“पावणं, तेवढं झाडा,” अण्णा म्हणाले.

“ह्याला काय झाडायचंय? इस्त्रीचा हाय.”

“इस्त्रीला कोण न्हाय म्हणतंय? रिवाज हाय.”

“रिवाज तुमच्या गावचा. आमी निपाणीचं.”

“आत गेलं की झाडून निघायचं. देव गाव विचारत न्हाय.”

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. “म्हंजे झडती? अण्णा, मी सोयरीक कराय आलतो, झडती द्याय न्हाय. मोहन, डायव्हरला सांग, गाडी काढ म्हणून.”

“गाडी काढा की,” अण्णा म्हणाले. “कोट झाडून काढा.”

मोहन जागचा हलला नाही. आप्पा अण्णांच्या कानाशी गेले. “अण्णा, जाऊ द्या. एक फूल हाय.”

“आज फूल जाऊ दे म्हणशील. उद्या गाव फांदी मागंल.”

“उद्याचं उद्या. आज पोरीचं मोडतंय, ते बघा की.”

अण्णांनी आक्काकडं बघितलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण ते अध्यक्ष होते. एव्हाना गवताचे भारे घेऊन निघालेल्या बायका थांबल्या होत्या, दोन गुराखी थांबले होते, आणि अण्णांना एवढ्या लोकांसमोर माघार घेता येत नव्हती. तात्यासाहेबांना तर कुणाहीसमोर घेता येत नव्हती. दोघेही दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले. आई पदराचं टोक चावत होती.

मग आक्का पुढं झाली. तिनं आधी स्वतःचा पदर झटकला. मग तात्यासाहेबांसमोर जाऊन, मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामा, कोट द्या. मी झाडते. उद्या घरात आल्यावर मलाच झाडायचा हाय न्हवं?”

होकार अजून कुणी दिला नव्हता. बघायला आलेल्या पाहुण्याला मुलीनं सासरा धरून ‘मामा’ म्हणून टाकल्याचं आमच्या भागात त्याआधी घडलं नसावं. झडती नाकारता येते. सुनेनं कपडे झाडते म्हटल्यावर नाकारायचं कसं, हे निपाणीलाही कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

“द्या की तात्या,” मोहन म्हणाला. त्या दिवशी वडिलांशी तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

तात्यासाहेबांनी कोट काढून दिला. आक्कानं आमच्याकडं पाठ केली, कोट दगडावर धरला आणि हलकेच झटकला. मातीसकट मुळ्यांचा जुडगा धपकन् पडला. एक फूल म्हणायला जागा उरली नाही. चांगल्या बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या मुळ्या, ओंजळभर.

“मुसळी,” गुरव म्हणाला.

याची काही गरज नव्हती. अण्णांनी घसा साफ केला. “पावणं, देवाला कारण सांगाय लागतंय.”

तात्यासाहेब वर झाडांच्या शेंड्यांकडं बघत राहिले. निपाणीतला तंबाखूचा भाव ज्यांच्या तोंडावर ठरतो म्हणे, ते छडीनं मातीत रेघा ओढायला लागले. गवतवाल्या बायकांनी भारे खाली ठेवले. शेवटी मोहनची आई म्हणाली, “माझ्या गुडघ्यासाठनं घेटली ह्येंनी.”

“गुडघ्याला? मुसळी?” अण्णा म्हणाले.

“आमच्या निपाणीला लावत्यात,” ती म्हणाली आणि तिनं अण्णांच्या डोळ्याला डोळा दिला.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग आप्पांकडं, मग आक्काकडं, जी अजून कोट हातात धरून उभी होती. मग त्यांनी राईकडं तोंड केलं, हात जोडले आणि सभेत बोलावं तसं खणखणीत म्हणाले, “देवा रवळनाथा, निपाणीच्या पावण्यांनी गुडघ्यासाठनं मुसळी घेटली हुती, ती आपल्या हातानं परत करत्यात. नारळ उद्या पावता करतो. ज्येचा कुणाचा गुडघा हाय, तेवढा बरा कर.”

आईनं पदर तोंडात कोंबला. आप्पांना ठसका लागला तो थांबेना. गवतवाल्या बायका इतक्या गंभीर होत्या की एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या. तात्यासाहेब मुळ्या घेऊन परत उगवतीच्या बाजूला गेले, चांगल्या धोतरानिशी उकिडवे बसून त्या मातीत पुरल्या आणि असे सहज उठले, की गुडघे त्यांचे नव्हेत याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. आक्कानं तोवर कोटाची नीट घडी घातली होती. ती तिनं दोन्ही हातांनी त्यांना दिली. कोटाला आतून एक खिसा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

घरी येऊन परत चहा झाला. तात्यासाहेब कमी बोलले, आणि जे बोलले त्यात निपाणी आली नाही. उठता उठता म्हणाले, “पोरगी पसंत हाय. उंच हाय ते बरं. आमच्याकडं फडताळं वर हैत.” अण्णांनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. हा प्रसंग दोन्ही घरांत पुन्हा कधी निघाला नाही. सोयरे म्हणून ते दोघे पुढं एकमेकांना इतका मान देत की जेवायला आधी कोण बसणार यात आमटी निवायची.

बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघी बहिणी माहेरी भेटलो असताना, मी आक्काला विचारलं की तेव्हा आतला खिसा झाडला होतास का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सोयरीक करायची म्हंजे समदं झाडून कसं चालंल गं?” आणि एक खडा काढून बाजूला टाकला.

त्या वर्षी करपा पडला नाही. भात चांगलं आलं, आणि हे राई राखल्याचं फळ, असं अण्णांनी देवळात सगळ्यांना सांगितलं. तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्षात आक्काचं लग्न झालं, आणि ज्येष्ठात आक्काला दीर झाला.